२५५ बाइटांत मावणारं नाव

पेनड्राइव्हवर फाइल दिसते, उघडते, पानं उलटता येतात. तीच फाइल वाचनालयातल्या, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या मशीनच्या डिस्कवर उतरवायला घेतली की काम अडतं आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते: फाइलचं नाव फार लांब आहे.

नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयाचे अहवाल, स्मरणिका, बंद पडलेली मासिकं स्कॅन करून साठवायचं काम मी करते. जुन्या मराठी अहवालांची नावं लांबलचक असतात. ती जशीच्या तशी ठेवावीत असा माझा आग्रह आहे, कारण पुढं कुणी शोधत आलं तर त्याच्या हाती बहुतेक वेळा मुखपृष्ठावरचं नावच असतं, बाकी काही नाही.

नमुन्यादाखल असं एक नाव घ्या: ‘विदर्भातील ग्रामीण वाचनालयांच्या वार्षिक सभेचा वृत्तांत व जमाखर्च, शके १८५२, भाग दुसरा, मुखपृष्ठासह’. वाचायला दीड ओळ. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं धरून मोजलं तर ८४ चिन्हं भरतात. संगणकात अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट (साठवणुकीचं लहान एकक) लागतो, रशियन किंवा ग्रीक अक्षराला २ आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. म्हणजे ८४ चिन्हांचे २५२ बाइट, मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम मिळून १५, आणि शेवटी टिंबासकट पीडीएफचे ४. एकूण २७१. लिनक्सची हद्द २५५. पेनड्राइव्हवर एक्सफॅट ही फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडून ठेवायची पद्धत, असते. ती यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीच्या एककांत मोजते, इथं दर चिन्हाला एक. तिथं हेच नाव १०३ भरतं आणि आरामात मावतं. ‘मुखपृष्ठासह’ हा शब्द आणि त्याच्या आधीचा स्वल्पविराम व मोकळी जागा काढली की लिनक्सच्या हिशोबानं २३६ उरतात आणि फाइल मुकाट आत जाते.

शब्द कापून काम भागत होतं. पण हा २५५ आकडा कुणी ठरवला, कुठं लिहून ठेवलाय आणि तो बदलला तर काय होईल, हे मला जाणून घ्यायचंच होतं. आपल्याच पुस्तकाचं नाव आपण का कापतोय याचं उत्तर ‘सिस्टिममध्ये बसत नाही’ एवढ्यावर सोडवेना.

माझा भाचा हिंगणा रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकतो. त्याला सांगितलं तर आधी म्हणाला, “मावशी, काहून इतका डोक्याला ताप करून घेऊन राहिली? नाव छोटं कर ना.” चहा संपेपर्यंत मात्र त्याचाच विचार फिरला. “कर्नलच्या सोर्समध्ये असन ना तो आकडा. काढू शोधून. बदलू आणि बांधून पाहू, होते काय ते.”

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तो भाग, जो मेमरी वाटतो, प्रोसेसरवर कुणाची पाळी हे ठरवतो, डिस्क-नेटवर्क-कीबोर्डशी बोलतो. बाकी सगळे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणी करतात आणि तो हो किंवा नाही म्हणतो. ‘नाव फार लांब आहे’ हे त्याचंच नाही म्हणणं. या नकाराला स्वतःचा क्रमांकही आहे, ३६, आणि ज्या फाइलमध्ये असे नकार ओळीनं लिहिलेत ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते. १९९२ पासून लिनक्स जीपीएल परवान्याखाली आहे. वाचायचा, बदलायचा, बदललेलं वाटायचा हक्क त्यात लिहून दिलाय. माझ्या ओळखीत लिनक्स वापरणारे पुष्कळ आहेत, हा हक्क बजावणारं मात्र कुणी भेटलं नव्हतं. बहुतेकांचं म्हणणं एकच: आपल्याला काय करायचंय?

हे म्हणणं मला पटत नाही, आणि नागपुरात तर अजिबात पटत नाही. एप्रिल लागायच्या आत इथं घरोघरी कूलर उघडला जातो. ताट्यांमधलं जुनं वुडवूल काढून नवं दाबून भरायचं, टाकीच्या तळाचा क्षार खरवडायचा, पंपाची जाळी धुवायची, पंख्याला तेल द्यायचं. या कामाला कुणी मिस्त्री शोधत नाही. आजी सांगते, नातू करतो. पंप जळला तर बर्डीच्या बाजारातून नवा आणून स्वतःच जोडतात. घरातलं यंत्र उघडायची भीती नसलेलं हे शहर संगणकापाशी आलं की हात आखडता घेतं. का घ्यावा?

कर्नल डॉट ऑर्गवरून ६.६ आवृत्तीचा सोर्स, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ कोड, उतरवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली ही आवृत्ती दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्यांपैकी आहे, म्हणून ती घेतली. दाबलेली फाइल दीडशे एमबीच्या आत मावते. उलगडली की आत तीन कोटींच्या वर ओळी. आकडा ऐकून दडपून जायचं कारण नाही, कारण त्यातला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचा आहे: जगात कधी ना कधी विकल्या गेलेल्या हरतऱ्हेच्या यंत्रांशी बोलायची पद्धत. आपल्या मशीनला त्यातला नखाएवढा लागतो.

आकडा शोधायला वेळ लागला नाही. इन्क्लूड फोल्डरमध्ये लिमिट्स.एच नावाची लहानशी फाइल आहे, पडद्याच्या एका पानात बसणारी. तिच्यात ओळीनं हद्दी लिहिल्यात. पूर्ण पत्त्याची लांबी ४०९६. नावाची लांबी २५५. बस. इतके दिवस जी भिंत वाटत होती ती एक ओळ होती, आणि कर्सर तिच्यावर उभा होता.

भाच्यानं मग जुन्या आवृत्त्या काढल्या, आणि इथं मला खरी गोडी लागली. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स यानं सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ आवृत्ती बाहेर काढली तेव्हा सगळा कोड दहा हजार ओळींच्या आसपास होता आणि फायली मिनिक्स या त्याआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पद्धतीनं ठेवल्या जात. नावाला हद्द १४ बाइट. ‘नागपूर’ या शब्दात ६ चिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. म्हणजे पहिल्या लिनक्सवर आमच्या गावाचं नाव फाइलला देता आलं नसतं. अर्थात तेव्हा यूटीएफ-८ च नव्हतं. ते केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये रचलं. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे निरनिराळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, जागा मिळाली ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत. आणि एप्रिल १९९२ मध्ये रेमी कार्ड यांनी लिनक्ससाठी एक्स्ट ही नवी फाइल सिस्टिम आणली, तिनं १४ ची हद्द २५५ वर नेली. या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. २५५ ठरलं त्या वेळी ठरवणाऱ्यासमोर अक्षर आणि बाइट एकच होते. मराठी नाव तिप्पट जागा घेईल हे त्या क्षणी कुणाच्या हिशोबात असणं शक्यच नव्हतं. भारताची स्वतःची आयएससीआयआय पद्धत, जिचं मानक १९९१ चंच, तिच्यात प्रत्येक चिन्हाला १ बाइट लागे. तिच्या हिशोबानं माझं लांबलचक नाव १०३ बाइटांत बसलं असतं.

बांधणं म्हणजे सोर्सपासून चालणारा कर्नल तयार करणं. त्याआधी कर्नलला सांगावं लागतं की तुझ्यात काय काय हवं. त्यासाठी मेन्युकॉन्फिग असतं. निळ्या पडद्यावर करडी चौकट, तिच्यात एकाखाली एक प्रश्न, प्रत्येकापुढं रिकामा कंस. तारा भरला तर ती गोष्ट कर्नलच्या आत पक्की, ‘एम’ भरलं तर वेगळा मॉड्यूल म्हणून लागेल तेव्हा आत येणारी, रिकामं ठेवलं तर नाही. असे पर्याय दहा हजारांहून जास्त आहेत. सगळे उघडायची गरज पडत नाही. डेफकॉन्फिग म्हटलं की बेताची एक निवड आयती मिळते. तरी आम्ही ते प्रश्न वाचत बसलो, आणि माझं प्रामाणिक मत असं की पुढं कर्नल बांधला नाही तरी चालेल, पण हे प्रश्न एकदा वाचावेत.

हौशी रेडिओवाल्यांसाठी नेटवर्क हवं का? फ्लॉपी हवी का? अमिगाच्या डिस्का वाचायच्यात का? मिनिक्सची ती जुनी फाइल सिस्टिम हवी का? हो, ती अजून तिथंच आहे, ज्याला लागेल त्याच्यासाठी. प्रत्येक प्रश्नावर मदतीचं बटण दाबलं की परिच्छेदभर मजकूर येतो: ही वस्तू काय, कुणाला लागते, नसली तर काय अडेल. आणि कितीतरी ठिकाणी शेवटची ओळ तीच: खात्री नसेल तर नाही म्हणा. काही ठिकाणी: खात्री नसेल तर हो म्हणा. लिहिणाऱ्यानं अनोळखी वाचकाची घेतलेली ही काळजी मला फार भावली. विकत घेतलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरनं मला ‘तुला याची गरज नाही’ असं इतक्या वेळा सांगितलेलं नाही.

फाइल सिस्टिमांच्या यादीत अगदी खाली एक पर्याय होता, फाइल सिस्टिमांसाठी यूटीएफ-८ चा आधार. तो रिकामाच ठेवून पुढं गेलो. त्याच्याकडे नंतर यावं लागलं.

मे महिना होता. दुपारी बाहेर ४५ अंश. कर्नल बांधताना प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम पूर्ण ताकदीनं चालतात, त्यामुळे काम रात्री जेवणानंतर सुरू केलं. मशीन कूलरच्या झोतापासून दूर, कारण दमट हवेची झुळूक त्याच्या पोटात जायला नको. मेक ही बांधायची आज्ञा दिली की ओळी धावायला लागतात. डावीकडे ‘सीसी’, म्हणजे कंपायलर (सोर्सचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) एक फाइल घेतोय, आणि उजवीकडे त्या फाइलचा पत्ता. नावं वाचत बसावी अशी असतात. नवी प्रोसेस जन्माला घालणारी फोर्क. प्रोसेस संपवणारी एक्झिट. मेमरी पूर्ण भरली तर कुणाचा बळी द्यायचा ते ठरवणारी ओओएम-किल. कुणाला मारायचं याचे निकष तिथं साध्या सी भाषेत लिहिलेत, गुण देऊन.

थोड्या वेळानं चालू असलेल्या कर्नलच्या नोंदींत एक ओळ आली: कोअरचं तापमान मर्यादेच्या वर गेलं, प्रोसेसरचा वेग कमी केला. ही ओळ मी बराच वेळ पाहत राहिले. एक कर्नल दुसरा कर्नल बांधत होता, नागपूरच्या उन्हाळ्यानं तापत होता, आणि स्वतःचं तापमान बघून स्वतःच दम खात होता. ही सगळी बुद्धीसुद्धा त्याच तीन कोटी ओळींत कुठंतरी लिहिलेली होती. भाच्यानं लगेच ती फाइल शोधून दाखवली.

मधेच लाइट गेली. डेस्कटॉप मशीन, बॅटरी नाही. लाइट आली तेव्हा मला वाटलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो म्हणाला, “नाही ना मावशी, मेकला माहीत असते.” मेक प्रत्येक फाइलची वेळ पाहतं. सोर्सपेक्षा तयार झालेला तुकडा नवा असेल तर त्याला हात लावत नाही. जे राहिलं तेवढंच करतं. शेवटी पडद्यावर आलं की कर्नलची प्रतिमा, म्हणजे चालवता येणारी फाइल, तयार आहे, आणि पुढं कंसात १. हा आकडा दर बांधणीगणिक वाढत जातो.

आता लिमिट्स.एच मध्ये २५५ च्या जागी ७६५ लिहिलं, तिप्पट, म्हणजे देवनागरीची २५५ चिन्हं बसतील. पुन्हा मेक. आणि जवळजवळ सगळं झाड पुन्हा बांधायला लागलं. ती एवढीशी फाइल इतक्या जणांनी आपल्यात ओढून घेतलेली असते की तिच्यात एक आकडा हलला की मेमरीपासून नेटवर्कपर्यंत सगळ्यांना पुन्हा कंपायलरपुढं उभं राहावं लागतं. लाइट जाऊन आल्यावर ज्या मेकनं झालेल्या तुकड्यांना बोट लावलं नव्हतं, तेच मेक आता कुणालाच सोडत नव्हतं. कशाचा कशाशी संबंध आहे ते पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा मला त्या रात्री जास्त कळलं.

हा कर्नल वाचनालयाच्या मशीनवर चढवायचा प्रश्नच नव्हता. क्यूईएमयू नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते मशीनच्या आत दुसरं खोटं मशीन उभं करतं. तिथं काहीही बिघडलं तरी खिडकी बंद केली की संपलं. सुरुवातीला भाच्यानं कर्नलला काहीच सोबत दिलं नाही, मुद्दाम, मला दाखवायला. कर्नल उठला, मेमरी मोजली, यंत्रं ओळखली, आणि शेवटी मूळ फाइल सिस्टिम सापडत नाही म्हणून पॅनिक म्हणत थांबला. इथवर तो एकटा येऊ शकतो. पुढं जायला त्याला पहिला प्रोग्रॅम लागतो, इनिट. नेहमीच्या चार जागी तो शोधतो, तिथंही कुणी नसेल तर तसं सांगून थांबतो.

तो पहिला प्रोग्रॅम आम्ही लिहिला. आठ-दहा ओळींचा सी. आधी ‘नमस्कार’ छापायचं, मग लांब नावाची फाइल तयार करून पाहायची.

कर्नल उठला आणि ‘नमस्कार’च्या जागी चौकोनांची रांग आली. कर्नलच्या स्वतःच्या कन्सोलला (मजकूर दाखवणाऱ्या पडद्याला) फार तर ५१२ आकार ठाऊक असतात, आणि काना-वेलांटी जोडून अक्षर घडवण्याची कला त्याला येतच नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग भाच्यानं कन्सोल बदललं. सिरियल पोर्टवरून मजकूर बाहेर काढायचा आणि आमच्या नेहमीच्या टर्मिनलमध्ये पाहायचा. या खेपेस स्वच्छ देवनागरीत ‘नमस्कार’ उमटला. कर्नलनं दोन्ही वेळा तेच २१ बाइट पाठवले होते. त्यानं त्यांना मराठी म्हणून ओळखलं नाही, इंग्रजी म्हणूनही ओळखलं नसतं. फाइलच्या नावातही तो फक्त दोन बाइट चालवून घेत नाही, तिरकी रेघ आणि शून्य. बाकी काय लिहिलंय ते विचारत नाही.

आणि नाव? मेमरीत राहणाऱ्या टीएमपीएफएस या फाइल सिस्टिमवर २७१ बाइटांचं नाव गेलं. ‘मुखपृष्ठासह’ गेलं, पूर्ण. एक आकडा बदलला आणि एक मराठी नाव न कापता बसलं. भाच्यानं टाळी दिली.

मग खऱ्या डिस्कसारखी ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम जोडली, त्या एक्स्टचीच पुढची पिढी. नकार. तोच, ३६ क्रमांकाचा.

कारण शोधताना कळलं की टीएमपीएफएस लिमिट्स.एच मधला आकडा पाहतं, पण ईएक्सटी-४ चा २५५ वेगळा आहे, त्याच्या स्वतःच्या हेडरमध्ये, म्हणजे लिमिट्स.एच सारख्याच एका फाइलमध्ये. तोही बदलता आला असता. पण त्याच्या थोडंसंच खाली डिरेक्टरीतली नोंद डिस्कवर कशी लिहितात त्याची रचना दिलीय, आणि तिथं नावाच्या लांबीसाठी एकच बाइट आहे. एका बाइटात मोठ्यात मोठा आकडा बसतो २५५. त्याच्यावर एक टीप आहे. तिचा आशय असा: नावाची लांबी कधीच २५५ च्या वर जाणार नाही, म्हणून या जागेतला जास्तीचा बाइट काढून फाइलचा प्रकार लिहायला वापरला आहे. म्हणजे पूर्वी लांबीसाठी दोन बाइट होते. एक दुसऱ्या कामाला दिला गेला.

जबरदस्तीनं २७१ लिहायचं म्हटलं तर त्या बाइटात २७१ वजा २५६, म्हणजे १५ उरेल. वाचणारा १५ बाइट वाचेल. देवनागरीत ५ चिन्हं. ‘विदर्’ एवढंच नाव हाती येईल.

ही हद्द त्यामुळे माझ्या मशीनपुरती नाही. जगभरच्या डिस्कांवर हाच एक बाइट कोरलेला आहे. मी दोन केले तर माझी डिस्क दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. आता नाव कापताना मला कारण माहीत असतं, आणि त्यामुळे कापण्याची पद्धतही सुधारली. फाइलचं नाव २५५ च्या आत बेतशीर ठेवायचं, आणि मुखपृष्ठावरचं पूर्ण नाव पीडीएफच्या शीर्षकाच्या रकान्यात आणि वाचनालयाच्या सूचीत लिहायचं, जिथं अशी हद्द नाही. नुसतं ‘बसत नाही’ ऐकून मी इथवर पोहोचले नसते.

कर्नल स्वतः बांधला की मशीन पळायला लागतं, असं काही जण सांगतात. आजच्या मशीनवर फरक जाणवत नाही. उलट जबाबदारी येते. ६.६ सारख्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येत राहतात, आणि स्वतःचा कर्नल रोजच्या कामाला लावला तर त्या दर वेळी आपणच घेऊन पुन्हा बांधायला लागतं. तयार लिनक्स जुळवून देणारे डिस्ट्रिब्युशनवाले हे काम आपल्यासाठी करतात, त्यांना ते करू द्यावं. ज्याला तरीही रोजच्या मशीनवर करून पाहायचंय त्यानं जुना कर्नल ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या, यादीतून काढू नये आणि डिस्कवर मोकळी जागा भरपूर ठेवावी. एवढं पुरतं.

‘आपल्याला काय करायचंय’ म्हणणाऱ्यांना मी कॉन कोलिवास यांच्याबद्दल सांगते. ते ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ, पेशानं डॉक्टर. घरच्या संगणकावर काम करताना लिनक्स अडखळतं हे त्यांना खटकलं, म्हणून ते प्रोसेसरच्या पाळ्या लावणारा भाग, शेड्युलर, वाचायला बसले आणि स्वतः नवा लिहिला. सगळ्यांना समान वाटा द्यावा, कोण कशासाठी धडपडतोय याचे अंदाज बांधू नयेत, हा त्यांचा आग्रह. २००७ मध्ये इंगो मोल्नार यांनी लिहिलेला सीएफएस हा शेड्युलर कर्नलमध्ये आला, तेव्हा या समान वाट्याच्या विचारासाठी त्यांनी कोलिवास यांचं ऋण मान्य केलं. कोलिवास यांचा स्वतःचा कोड घेतला गेला नाही, ते दुखावले, काही काळ दूर गेले, आणि २००९ मध्ये दुसरा शेड्युलर घेऊन पुन्हा आले. सीएफएस सोळा वर्षं चालला. आम्ही बांधलेल्या ६.६ मध्येच त्याची जागा ईईव्हीडीएफ या नव्या शेड्युलरनं घेतली. त्या डॉक्टरांना काय करायचं होतं? शस्त्रक्रियागृहातून घरी आल्यावर संगणक नीट चालावा, एवढंच. माझ्या कामाशी हा माणूस मला जवळचा वाटतो.

आणि आता तो रिकामा ठेवलेला पर्याय.

‘वऱ्हाड’ हा शब्द आमच्या फायलींत सारखा येतो. त्यातला ऱ टाइप करायच्या तीन तऱ्हा आहेत. एक, ऱ साठी युनिकोडमध्ये असलेलं स्वतंत्र चिन्ह. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. तीन, र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे. बाइट तिन्हींचे वेगळे. कर्नल बाइट पाहतो, म्हणून एकाच फोल्डरमध्ये ‘वऱ्हाड’ नावाच्या तीन फायली शेजारी राहू शकतात आणि एका तऱ्हेनं शोधलं तर बाकीच्या दोन सापडत नाहीत. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर दिलेली नावं एकत्र आली की हे व्हायचंच.

२०१९ मध्ये, ५.२ आवृत्तीत, ईएक्सटी-४ ला एक नवी सोय मिळाली. इंग्रजीतली लहान-मोठी लिपी एक मानायची सोय म्हणून ती ओळखली जाते, त्यामुळे देवनागरीला तिचा काय उपयोग असं वाटतं. पण लिपी एक करताना ती युनिकोडच्या नियमांप्रमाणे सममूल्य रूपंही एक मानते. आम्ही तो पर्याय भरून कर्नल पुन्हा बांधला आणि क्यूईएमयूतल्या डिस्कवर रिकाम्या फोल्डरला ही सोय लावली. पहिली आणि दुसरी तऱ्हा एक झाली. ‘वऱ्हाड’ एकदा ठेवलं की नुक्त्याच्या रूपानं मागितलं तरी तीच फाइल मिळते.

तिसरी तऱ्हा अडली, आणि वाईट रीतीनं अडली. न दिसणारी चिन्हं ही सोय मोजतच नाही. जोडचिन्ह गाळलं की उरतो र आणि हलन्त, म्हणजे रफार. त्यामुळे तिसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं ‘वऱ्हाड’ पहिल्या दोघांशी जुळत नाहीच, शिवाय डोंगरातल्या ‘दऱ्या’ तशा लिहिल्या तर त्या आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ एकच नाव ठरतात. एक फाइल असताना दुसरी तयार करायला गेलं की कर्नल म्हणतो, ती आहेच.

ज्यांनी हे नियम लिहिले त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. न दिसणाऱ्या चिन्हांनी फसवी नावं बनवता येतात, ती गाळायला कारण आहे. पण मराठीत ते चिन्ह अर्थ बदलतं, आणि हे मराठी लिहिणाऱ्यालाच पहिल्यांदा जाणवणार.

तूर्त वाचनालयाच्या मशीनवर फाइल आत घ्यायच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती ऱ ची दुसरी आणि तिसरी तऱ्हा पहिलीत बदलते आणि मग नावाचे बाइट मोजते. भाचा ज्या प्रोग्रॅममधून कर्नलची ती युनिकोड सारणी तयार होते तो प्रोग्रॅम वाचायला बसलाय. मी जुन्या फायलींची यादी काढून त्यात तिसऱ्या तऱ्हेची नावं कुठं कुठं आहेत ते हुडकते आहे.